हेमराजची बांधी

हेमराज गेल्याची बातमी ‘गेला’ या शब्दात मला कुणी सांगितलीच नाही. सालेकशाच्या शाळेत मी गणित शिकवते. नववीचा तास चालू होता आणि टेबलावर फोन थरथरत होता. वर्गात फोन घ्यायचा नाही हे पोरांना मीच बजावलेलं, म्हणून घेतला नाही. पुन्हा थरथरला तेव्हा मायचं नाव दिसलं, आणि माय उगाच फोन करणाऱ्यातली नाही. "हेमराज उठून नाही राहिला," ती म्हणाली. "चहा ठेवला का?" मी विचारलं, कारण चहाच्या वासाशिवाय तो कधी उठायचाच नाही. "ठेवला होता... थंडा झाला," माय म्हणाली. मागच्या बाकावरच्या मुलींची कुजबुज आपोआप थांबली. फळ्यावरचं गणित अर्धंच सोडून मी निघाले, गोंदियाची गाडी मिळाली, फुलचूरच्या घरी पोचले तेव्हा शेजारणी दारात उभ्या होत्या आणि तो चहा अजून ओट्यावरच होता.

त्याला आता काही आठवडे झाले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. लिहायला बसताना आधीच सांगून ठेवते की हा लेख मी डोळे पुसत लिहीत नाही, दात आवळून लिहिते आहे. माणूस गेल्यावर लिहिणारे एकदम मोठ्या मनाचे होतात आणि सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. माझं मन तेवढं मोठं नाही. हेमराजचंही नव्हतं. आमच्याकडे जमीन भावकीत वाटली गेली, राग मात्र अख्खाच्या अख्खा आम्हा बहीणभावाच्या वाट्याला आला.

हेमराज माझा धाकटा भाऊ. तो व्हिडिओ गेम बनवायचा. नातेवाईकांना हे समजावून सांगता सांगता बाबूजी हयात असेपर्यंत थकले, शेवटी ते "कम्प्युटरमधी आहे" एवढंच सांगायचे. हैदराबादच्या एका कंपनीत तो गेमचा मुलूख आखायचा, म्हणजे खेळणाऱ्यानं कुठून आत शिरायचं, कुठं टेकडी, कुठं पाणी, कोणत्या वळणावर शत्रू. त्यानं आयुष्याची शेवटची चांगली वर्षं ज्या गेममध्ये घातली तो यंदा बाजारात आला आणि बराच गाजला. दूरच्या एका ग्रहावरची गोष्ट आहे. आपला नायक आपल्याला पाठमोरा दिसतो, त्याच्या खांद्यावरून आपण ते जग बघत चालतो आणि समोर येईल त्याच्यावर गोळ्या झाडतो. गेमचं नाव मी इथं लिहिणार नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबाचंही लिहिणार नाही. त्यानं माझ्या भावाचं नाव लिहिलं नाही, मी त्याचं लिहीत नाही. हेमराज त्या गेमला घरात ‘बांधी’ म्हणायचा, तर मीही बांधीच म्हणेन.

बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा वाफा, चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून पाणी अडवलेला. आमच्या बांध्या बिरसीजवळ आहेत. वरून वैमानिकी शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं घरघरत जातात आणि खाली गुडघाभर पाण्यात बाया रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करतात. आमच्या एका बांधीत सारसाची जोडी दर पावसाळ्यात घरटं करायची. सारस माणसाएवढा उंच, राखाडी अंगाचा, लाल मानेचा. घरटं दिसलं की बाबूजी त्याच्याभोवतीचा तुकडा तसाच सोडायला लावायचे, तिथं रोवणा नाही. आणि आम्हा पोरांना त्यांचा कायदा पाठ होता. काठी खाली करायची. सरळ घरट्याकडे जायचं नाही, धुऱ्याधुऱ्यानं लांबून जायचं. घरटं डाव्या हाताला ठेवायचं, कारण काठी उजव्या हातात असते. शाळेतले पाढे विसरले तर मार बसायचा, हे विसरलं तर जेवण मिळायचं नाही. हेमराज त्या जोडीवर इतका जीव टाकायचा की सारसासारखी हाळी देणं त्यानं शिकून घेतलं होतं. दोन्ही तळवे तोंडाशी धरायचा आणि मान वर करून असा ओरडायचा की पलीकडच्या बांधीतल्या बाया वळून बघायच्या. मधे त्याचा आवाज फाटायचा. आम्ही हसायचो.

एका सकाळी त्या जोडीतला एक पक्षी विजेच्या तारेखाली मरून पडलेला दिसला. दुसरा कुठं गेला नाही. पाण्यात उभा राहिला आणि हाका मारत राहिला. बाबूजींनी त्या बांधीत कुणाला जाऊ दिलं नाही. हेमराज शाळा सुटली की दप्तर घेऊनच तिकडे जायचा, धुऱ्यावर बसून तळवे तोंडाशी धरून त्याला उत्तर द्यायचा. तो पक्षी मान उचलून ऐकायचा... मग पुन्हा हाक मारायचा. असं किती दिवस चाललं मला आठवत नाही. एक दिवस पक्षी नव्हता, आणि त्या दिवसापासून हेमराजनं विजेच्या खांबाशी वैर धरलं. येताजाता तो खांबाला दगड मारायचा. लाइनमन मीटर बघायला आला की त्याच्या सायकलची हवा सुटलेली असायची. पुढं इंजिनिअर झाला, हैदराबादहून सुट्टीला यायचा, तरी बिरसीच्या वाटेवर मोटरसायकल थांबवून, हेल्मेट काढून, एक दगड त्या खांबाला मारल्याशिवाय पुढं जायचा नाही. "अरे, खांबानं काय केलं?" मी म्हणायची. "ताई, खांबाले माहीत आहे काय केलं ते," तो म्हणायचा.

त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं कळलं तेव्हा बांधीचं काम अर्ध्यावर होतं. तो गोंदियाला परत आला. एक दिवसाआड डायलिसिस, मधल्या दिवशी फुलचूरच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून काम. आधी कंपनी चालवून घेत होती. साहेब व्हिडिओवर यायचा, गळ्यात लाल हेडफोन, अंगात बिनबाह्यांचं काळं जॅकेट, ऋतू कोणताही असो. हेमराजनं काहीही सुचवलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं, "पब्लिक को ये नहीं चाहिए." मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेली असायची आणि ते वाक्य भिंतीतून ऐकू यायचं. पब्लिकला चिखल नको. पब्लिकला थांबायला नको. पब्लिकला मेलेल्या पक्ष्याचा जोडीदार नको. हेमराज भांडायचा, आणि भांडण जिंकला नाही तर रुसायचा. त्याच्याबरोबर काम करणं सोपं नसणार, हे मी बहीण असून मान्य करते. साहेबाचा फोन तो आठवडा आठवडा उचलायचा नाही, मनात बसलेली गोष्ट सोडायचा नाही. पण म्हणून...

खेळ पुरा होत आला आणि कंपनीनं त्याला काढलं. पत्र गोड होतं. तब्येतीची काळजी घ्या असं लिहिलं होतं. त्या कंपनीचा एक नियम आहे, गेम बाजारात येईल त्या दिवशी जो नोकरीत असेल त्याचंच नाव शेवटच्या नामावलीत येतं. हेमराजला हा नियम माहीत होता. काढणाऱ्यालाही होता.

गेम आला त्या दुपारी आम्ही दोघं मागच्या खोलीत बसलो. तो खेळत होता, मी नुसती बघत होते, आणि पुढचे कितीतरी दिवस, डायलिसिसच्या मधले सगळे, आम्ही तेच केलं. त्या गेममध्ये चांगलं काय आणि वाईट काय हे मला त्यानंच शिकवलं, एखादा कडक परीक्षक पेपर तपासतो तसं, स्वतःलाही न सोडता. चांगलं सांगायचं तर सगळ्यात आधी तो चिखल. दुसऱ्याच टप्प्यात एक पाणथळ प्रदेश लागतो. तिथं नायकाचा पाय रुततो, प्रत्येक पावलाला त्याचा लोखंडी पोशाख जड होत जातो, मागं उमटलेल्या पावलांत पाणी भरतं. पाय उपसताना जो आवाज येतो तो माझ्या पायाचा आहे. हेमराजनं मला आमच्या बांधीत उभं करून, साडी खोचायला लावून, तो रेकॉर्ड केला होता. बंदूकही मोठी नामी आहे. ती दुसऱ्या कुणी घडवली, कोचीची एक मुलगी आहे म्हणे, तिचं श्रेय मी हिसकावणार नाही. गोळी झाडली की झाडणारा नायकच हादरतो आणि चिखलात अजून थोडा खाली जातो, त्यामुळं झाडण्याआधी विचार करावा लागतो. गोळी झाडणं जड वाटावं असे गेम फार नाहीत, असं हेमराज म्हणायचा.

आणि ती जोडी. पाणथळीत काचेच्या पायांचे उंच पक्षी आहेत, नेहमी दोन दोन. एकाला मारलं की दुसरा अंगावर येत नाही, पळतही नाही. तिथंच उभा राहतो आणि हाका मारतो. तुम्ही पुढं निघून जा, तासाभरानं परत या, तो तिथंच असतो. एवढ्या एका गोष्टीसाठी साहेब आणि हेमराज महिनोन्‌महिने भांडले. साहेबाला दुसरा पक्षी राक्षस व्हायला हवा होता, त्याच्याशी मोठी मारामारी हवी होती. गेम आल्यावर जो तो लिहायला लागला की हा पक्षी विसरता येत नाही. मोठमोठ्या परीक्षकांनी इतर सगळ्याला नावं ठेवली आणि या पक्ष्यापाशी येऊन हात जोडले.

बाकी नावं ठेवण्यासारखं खूप आहे आणि मी ते आनंदानं लिहिते. पाणथळ संपली की गेम लोखंडी बोळांत शिरतो आणि शेवटपर्यंत बाहेर येत नाही. एकसारखे बोळ, एकसारखी दारं, कुठून आलो तेच कळत नाही. बोळात वळलं की मागचा कॅमेरा भिंतीला धडकतो आणि आपल्याला नायकाचा एक कान तेवढा दिसतो. मोठे शत्रू नुसत्या गोळ्या खातात, ढेकरही देत नाहीत. लढून थकलं की दारात दुकान, पोशाख विकत घ्या म्हणून. नायकाच्या कानात एक मदतनीस बसवला आहे, तो लग्नातल्या मामासारखा गप्प म्हणून बसत नाही. पाणथळीत तो पक्षी हाका मारत असतो आणि हा कानात सांगतो, दुश्मनाचा साथीदार आहे, संपवून टाक. हे साहेबाचं. गोष्टीला डोकं नाही, शेवटचा खलनायक मरायच्या आधी इतकं बोलतो की आमच्या शाळेचे संस्थाचालक आठवावेत. हेही साहेबाचंच. मात्र एक सांगायला हवं. पाणथळ फार लांबली आहे, वाट दाखवणारा बाण कुठं नाही आणि मेलं की पहिल्यापासून चालावं लागतं. यावर साहेब ओरडला होता आणि साहेब बरोबर होता. हेमराजनंच मला हे सांगितलं, "इथं मी हट्टानं गेलो, ताई." हे लिहिताना माझा हात जड झाला, पण साहेबाला माझ्याकडून एवढंच मिळेल.

गेम संपला त्या दुपारी मायही चष्मा लावून येऊन बसली, पोराचं नाव बघायला. पडद्यावर नावं वर सरकायला लागली. बंदूकवाली मुलगी आली, हिशेबनीस आले, चहावाला आला. हेमराज खुर्चीत मागं टेकून बघत होता. मायला इंग्रजी वाचता येत नाही. ती प्रत्येक ओळीला विचारायची, "हे तुयं काय? कोणतं तुयं?" मग त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे पाह्य माय, हे माह्यं." मायनं पडद्याला हात जोडले. मला इंग्रजी वाचता येतं. ते नाव ऑफिसच्या कुत्र्याचं होतं.

माय चहा करायला उठली तेव्हा मी त्याला विचारलं, "तुले राग नाही आला?" तो हसला. डायलिसिसनंतर त्याचा चेहरा सुजलेला असायचा, त्यात ते हसू लहानपणीसारखं गोल दिसलं. "आला ना. बंदोबस्त करून ठेवला म्या त्याचा, निघायच्या आधीच."

"काय बंदोबस्त?"

"सांगून काय मजा? तू खेळ. तुले दिसल. त्यायले नाही दिसणार, त्यायचं बोट बंदुकीवरून निघत नाही."

मी म्हटलं, मला कुठं खेळता येतं, आणि विषय तिथंच राहिला. नंतरच्या दिवसांत त्याची तब्येत उतरत गेली. शेवटच्या रविवारी आम्ही दोघं अंगणात ऊन खात बसलो होतो, तेव्हाही त्यानं एकदा विचारलं, "खेळली काय?" मी नाही म्हटलं.

तो गेल्यावर साहेबाचा फोन आला. आवाजात तूप होतं. "मॅडम, हेमराज हमारे परिवार का हिस्सा था." मी म्हटलं, "परिवाराच्या यादीत कुत्रा आहे, माझा भाऊ काऊन नाही?" मग तो म्हणाला, "पॉलिसी है मॅडम." मी फोन ठेवला. त्याच आठवड्यात त्याची एक मुलाखत माझ्या पाहण्यात आली. पक्ष्यांच्या जोडीची कल्पना कशी सुचली असं विचारणाऱ्यानं विचारलं, आणि साहेब लाल हेडफोन सारखे करत म्हणाला की एकदा परदेशात सुट्टीवर असताना एका तळ्यात दोन हंस पाहिले होते. हंस! बिरसीचा सारस, त्याच्यासाठी बाबूजींनी सोडलेलं धान, दप्तर मांडीवर घेऊन धुऱ्यावर बसलेला माझा भाऊ, या सगळ्याचे याच्या सुट्टीतले हंस झाले. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. संध्याकाळी मागच्या खोलीत गेले, त्याच्या खुर्चीत बसले आणि मशीन सुरू केलं.

खेळणं मला अजिबात जमत नाही. एका अंगठ्यानं चालायचं, दुसऱ्यानं मान वळवायची, तर माझा नायक आकाशाकडे बघत भिंतीला धडका देत होता. हेमराजचं खातं असल्यामुळं सगळे टप्पे उघडे होते, म्हणून सरळ पाणथळीत गेले. शत्रूची लढाऊ यंत्रं आली, मला मारून गेली. पुन्हा आली, पुन्हा मारून गेली. बंदूक उगारली की ती येतात एवढं माझ्या लक्षात आलं, आणि बंदूक खाली करायचं एक बटण आहे हेही सापडलं. त्या बटणाचं काय काम ते कुणालाच कळत नाही, परीक्षकांनी ते गेमच्या दोषांत लिहिलं आहे. मी बंदूक खाली केली आणि चालत राहिले. पुढं गवताचा एक ढीग दिसला, शेजारी काचेच्या पायांची जोडी. आणि मी ठरवून काहीच केलं नाही, हे मला नीट सांगायचं आहे. माझे अंगठे आपोआप वळले. समोर मातीची उंच कड होती, तिच्यावरून, घरटं डाव्या हाताला ठेवून, लांबचा वळसा घालून मी जायला लागले. कानातला मदतनीस बोलता बोलता गप्प झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. जोडीनं माना वळवून माझ्याकडं बघितलं आणि माझ्या पुढं चालायला लागली.

त्या कडेच्या शेवटी, धुक्याच्या पलीकडं, आमची बांधी होती. चौकोनी, चारी बाजूंनी धुरा, मधे न रोवलेला तुकडा, कडेला विजेचा एक वाकडा खांब. दूरच्या त्या ग्रहावर, कुणी कधी न गेलेल्या कोपऱ्यात, त्यानं ती जशीच्या तशी आणून ठेवली होती. आणि मधोमध बुजगावणं. बुजगावण्याच्या अंगात बिनबाह्यांचं काळं जॅकेट. गळ्यात लाल हेडफोन. डोक्यापासून खालपर्यंत पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ. मी जवळ गेले तर ते साहेबाच्या आवाजात म्हणालं, "पब्लिक को ये नहीं चाहिए." मी इतकी मोठ्यानं हसले की स्वयंपाकघरातून माय म्हणाली, "काय झालं वो?" तेरवीनंतरच्या घरात असं हसू कुणी ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. ते पुन्हा म्हणालं, "पब्लिक को ये नहीं चाहिए." मग माझं हसू गेलं. मला कुत्र्याचं नाव आठवलं, मायचे जोडलेले हात आठवले, आणि मी बंदूक उचलली. मला त्याचं डोकं उडवायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही. मला अजूनही उडवायचं आहे.

नेम मला येत नाही. गोळी बुजगावण्याच्या बाजूनं गेली आणि जोडीतला एक पक्षी पाण्यात पडला. अख्ख्या गेममध्ये माझ्या हातून मेलेला तो एकच जीव. दुसरा हलला नाही. त्यानं मान वर केली आणि हाक मारली. इतर ठिकाणी त्या पक्ष्याचा आवाज यंत्रावर बनवलेला आहे, काचेवर बोट फिरवल्यासारखा. हा तो नव्हता. हा तळवे तोंडाशी धरून काढलेला आवाज होता... मधेच फाटणारा.

माय दारात येऊन उभी राहिली. हाताला कणीक तशीच होती. पक्ष्यानं पुन्हा हाक मारली. माय म्हणाली, "हेमराज आहे." तिनं मला विचारलं नाही, सांगितलं. मग तिथंच उंबरठ्यावर बसली आणि आम्ही दोघी ऐकत राहिलो. त्या संध्याकाळी मी तिला नामावलीतलं ते नावही खरं काय होतं ते सांगून टाकलं. "मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "इंग्रजी नाही वाचता येत, पोराचं तोंड तं वाचता येते."

मी तेव्हापासून विचार करते आहे की त्यानं ती जोडी बुजगावण्याच्या इतक्या जवळ का ठेवली. माझा राग त्याला ठाऊक होता. माझा नेम कसा आहे तेही ठाऊक होतं, लहानपणी खांबाला मारलेले माझे सगळे दगड पलीकडच्या बांधीत पडायचे. तिथवर येणारी मीच असेन, येताना रागात असेन आणि बंदूक उचलीन, हे त्यानं धरूनच ठेवलं असणार. साहेबाचा बंदोबस्त करता करता त्यानं माझाही केला. त्याबद्दल मी त्याच्यावर चिडले आहे, आणि भांडायला तो नाही.

आता साहेबासाठी. हा लेख छापून आला की कुणी ना कुणी तुला वाचून दाखवील, आणि तू ते बुजगावणं आणि ती बांधी काढून टाकशील, सगळ्यांच्या मशीनवर नवा अपडेट पाठवशील. पाठव. त्याआधी लोक तिथं जाऊन यावेत म्हणूनच मी वाट लिहिली आहे, बंदूक खाली, कडेकडेनं, घरटं डाव्या हाताला. जितके जातील तितके तुझ्या तोंडावरचे ओघळ बघून येतील. आणि तुझा अपडेट आमच्या घरी यायचा नाही. हेमराजच्या मशीनची इंटरनेटची तार मी उपटून कपाटात ठेवली आहे, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. मी तुला माफ केलेलं नाही. पुढंही करीन असं वाटत नाही, तब्येतीची काळजी घे.

मागच्या खोलीत मशीन चालूच आहे. पडद्यावर पाणी हलतं, तो पक्षी उभा आहे, मधून मधून हाक मारतो. सकाळी माय घर झाडत झाडत त्या खोलीपर्यंत येते. दारात थांबते, हातातला झाडू बाहेर खाली ठेवते, आणि भिंतीभिंतीनं, पडदा डाव्या हाताला ठेवून, लांबून वळसा घालून खिडकी उघडायला जाते.